मालकांनी मागितलेली रजा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत सत्तावीस माणसं होती आणि त्यांतल्या एकालाच सगळे ‘मालक’ म्हणायचे. खरे मालक तिसऱ्या मजल्यावर काचेच्या केबिनमध्ये बसत. त्यांना कोणी मालक म्हणत नसे, साहेब म्हणत. हे आपले मालक रोज सकाळी साडेसातला करडा शर्ट पँटमध्ये नीट खोचून, खांद्याला कातडी पिशवी अडकवून पहिल्या इमारतीच्या दाराशी हजर असत. शर्टाच्या पाठीवर कंपनीचं नाव. पिशवीत पाने, पकडी, तेलाची बाटली, जुना टॉर्च आणि हात पुसायला सुती फडकं. ही हत्यारं त्यांची स्वतःची होती.

नाव पडलं ते पहिल्याच दिवशी. सुपरवायझरने सहीसाठी कागद पुढे केला आणि वरचा मजकूर वाचून दाखवला, “स्वतंत्र कंत्राटदार. म्हणजे तुम्ही कोणाचे नोकर नाही. तुम्हीच तुमचे मालक.” खोलीतले सगळे हसले, तेही हसले आणि सही करून मोकळे झाले. घरी जाऊन बायकोला सांगितलं, “आजपासून मी मालक.” बायको महिन्याच्या मुलीला पाजत होती. ती म्हणाली, “मग मालक, जाता जाता कचऱ्याची पिशवी खाली न्या.”

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कोणत्या इमारतीत किती वाजता जायचं, हे सुपरवायझर ठरवायचा. पोचलं की त्याला फोन करायचा. नवीन लिफ्ट कशी खोलायची, कुठला भाग बदलायचा, रहिवाशांशी कसं बोलायचं, सगळं वरून ठरून यायचं. एकदा शर्ट खोचलेला नव्हता म्हणून मालकांना भर सकाळी घरी परत पाठवलं होतं. पण काम त्यांना मनापासून आवडायचं. लिफ्टच्या टपावर उभं राहून, अंधाऱ्या बोगद्यातून हळूहळू वर जाताना ते डोळे मिटून घेत आणि कान देत. दोर कुठे घासतोय, कुठल्या मजल्याचं कुलूप सैल झालंय, वरच्या मोटारीचं बेअरिंग किती दिवस टिकेल, हे त्यांना आवाजावरून कळायचं. सगळी कंपनी म्हणायची, मालकांचा कान म्हणजे कान.

अशा कानाच्या माणसाची मुलगी बहिरी निघाली.

ते त्यांनाच आधी कळलं. मुलगी सव्वा वर्षाची होती. ती जमिनीवर बसून डब्याची झाकणं एकात एक घालत होती आणि दारातून आत येताना मालकांच्या खांद्यावरची पिशवी सुटून तिच्या पाठीमागे फरशीवर आदळली. स्वयंपाकघरातून बायको धावत आली. शेजारीण डोकावली. मुलगी झाकणांशी खेळत राहिली. मालक पिशवी उचलायचं विसरले आणि तिच्या मानेकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी मुद्दाम पाना उचलून पुन्हा टाकला. बायको म्हणाली, “अहो, काय करताय हे?” आणि मग तिलाही कळलं.

पुढची दोन-अडीच वर्षं दवाखान्यांत गेली. यंत्र लावून पाहिलं, त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी एका डॉक्टरांनी कर्णबधिर मुलांच्या शाळेचं नाव सांगितलं. शाळा दुसऱ्या गावात, बसने आठ तासांवर. मुलं तिथेच राहत आणि हातांची भाषा शिकत. मुलगी चार वर्षांची झाली तशी ते तिला घेऊन गेले. मुख्याध्यापिका पांढऱ्या केसांच्या, बोलायला सरळ. त्यांनी एकच अट घातली. “पहिले सहा आठवडे आई आणि वडील दोघांनीही इथे राहायचं. शिकायचं.”

“मुलीला शिकवा ना तुम्ही. आम्ही कशाला?” मालकांनी विचारलं.

“आम्ही तिला भाषा देऊ हो. पण घरी आल्यावर ती बोलणार कोणाशी?”

मालक परत आले आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरसमोर उभे राहिले. तोवर दोघांची चांगली दोस्ती झाली होती. एका डब्यात जेवायचे. मालक म्हणाले, “साहेब, सहा आठवड्यांची रजा पाहिजे. पोरीसाठी.” आणि सगळं सांगितलं.

सुपरवायझरने डबा झाकला. “मी वर विचारतो,” म्हणाला आणि तिसऱ्या मजल्यावर गेला. उतरायला त्याला बराच वेळ लागला. उतरला तो लिफ्टने नाही, जिन्याने.

“वरून काय म्हणाले?”

“म्हणाले, रजा नोकरांना असते. तुम्ही कंत्राटदार. तुम्हाला रजा मागायची गरजच नाही, खुशाल जा.” त्याने डब्याचं झाकण उगाच दाबलं. “फक्त परत याल तेव्हा तुमच्या इमारती तुमच्याकडेच असतील असं नाही.”

“म्हणजे नाही म्हणाले.”

“नाही असं नाही म्हणाले.”

“साहेब, मी जाऊ का नको, एवढं सांगा.”

सुपरवायझर जमिनीकडे बघत म्हणाला, “नका जाऊ.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पोरीची शाळा चालवायची तर काम पाहिजे, आणि काम टिकवायचं तर शाळेत जायचं नाही. शेवटी सुपरवायझरने स्वतःच्या जबाबदारीवर दोन दिवस दिले. मालकांचा मेव्हणाही लिफ्टचंच काम करायचा. सुपरवायझरने त्याला बोलावून घेतलं, एक दार खोलायला लावलं, बसवायला लावलं आणि मग म्हणाला, “ठीक. दोन दिवस हा चालेल. तिसऱ्या दिवशी साडेसातला मालकांचा फोन आला पाहिजे.”

त्या दोन दिवसांत शाळेच्या एका मोठ्या खोलीत दहा-बारा आईबाप गोल करून बसले होते आणि शिकवणारी बाई स्वतःच बहिरी होती. तिने मालकांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि त्यांची जाड, तेलाने काळी पडलेली बोटं एकेक करून सरळ केली. दहापर्यंतचे आकडे आले. पाणी, ये, बस, दुखतंय, एवढं आलं. दुसऱ्या दिवशी मुलीने बापाचे हात हलताना पाहिले आणि ती त्यांच्या मांडीवर येऊन बसली, त्यांची हनुवटी धरून स्वतःकडे वळवू लागली. आणखी दाखव, असं असावं. दाखवायला आणखी नव्हतं. त्याच दुपारी ते बसमध्ये बसले.

बायको सहा आठवडे राहिली आणि पुढेही मधूनमधून शाळेत जात राहिली. मुलगी सुट्टीत घरी यायची तेव्हा मायलेकींचे हात अखंड चालत. भांडण चाले, नकला चालत, शेजारणीची टिंगल चाले, दोघी खुदखुदत. मालक जेवायला बसलेले असत. “काय म्हणतेय?” ते विचारायचे. बायको सांगायची, “काही नाही, शाळेतलं.” दहा मिनिटांच्या बोलण्याचे दोन शब्द त्यांच्या वाट्याला यायचे. त्यांनी शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण रात्री आठला घरी पोचलेल्या माणसाची बोटं वळत नसत, आणि मुलगी मोठी होत गेली तशी तिची भाषाही मोठी होत गेली. चाळीसेक शब्द घेऊन बाप मागेच राहिला. मुलीला त्याचा कंटाळा यायला लागला. ती घाईत असली की त्यांच्या हातांकडे बघतच नसे, सरळ आईकडे वळे.

मुलगी शिकली, हुशार निघाली, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत नोकरीला लागली. तिला नेमणुकीचं पत्र मिळालं तेव्हा मालकांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या घरात असं पत्र पहिल्यांदाच आलं होतं. आणि त्यानंतर दोन वर्षांनी बायको तीन आठवड्यांच्या तापाने गेली.

ती गेली आणि घरातली दुभाषी गेली. बाप आणि लेक, दोघांनाही घरात एकमेकांशिवाय कोणी नाही, आणि दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही. ओट्याजवळ एक वही ठेवली गेली. त्यात लिहायचं. “गॅस संपत आलाय.” “आज उशीर होईल.” “गोळ्या घेतल्या का?” अशा चार वह्या भरल्या, आणि चारही वह्यांत आईविषयी एक ओळ नव्हती. मालकांना कधी कधी वाटायचं, पोरीला सांगावं की मला तिची फार आठवण येते. लिहायला पेन उचलायचे, मग दुधाचं लिहायचे. असलं काही वहीत लिहून ओट्यावर ठेवून जायचं, हे त्यांना जमेना.

मालक पंचावन्नचे झाले आणि एका दुपारी, सात मजली कचेरीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना लोखंडी शिडीची पायरी निखळली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. दोन महिने अंथरुणावर काढले. मग सुपरवायझर फळं घेऊन आला. फळांच्या पिशवीत एक कागदही होता.

“नुसती एक सही पाहिजे, मालक. दोघांच्या संमतीने कंत्राट संपलं, एवढंच आहे.”

“आणि पाय?”

“ते...” सुपरवायझर पिशवीतली फळं काढून ठेवू लागला. “कंत्राटदाराने स्वतःचं स्वतः बघायचं असतं, असं म्हणतात.”

मालकांनी पेन मागितलं. सत्तावीस वर्षं ज्याने सांगितलं तिथे सही करायची सवय होती. पण मुलगी खाटेशी उभी होती. तिने कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला आणि सहीच्या जागेवर आपला तळहात दाबून धरला. दुसऱ्या हाताने वहीत लिहिलं, “सही नको. मी विचारून येते.”

तिच्या कचेरीतल्या कोणीतरी एका वकीलबाईंचं नाव दिलं. बाई कामगारांचे खटले चालवत. त्या घरी आल्या, खुर्ची खाटेजवळ ओढली आणि म्हणाल्या, “काका, कागदावर काय लिहिलंय हे एक, आणि रोज काय घडत होतं हे दुसरं. कोर्ट दुसऱ्याला जास्त मानतं. काम कधी करायचं, कसं करायचं, कोणी करायचं, हे कोण ठरवत होतं? तुम्ही का ते?”

“ते.”

“दुसऱ्या कंपनीचं काम केलंत कधी?”

“वेळ कुठे होता?”

“तुमच्या जागी दुसऱ्या कोणाला पाठवलंत?”

मालक म्हणाले, “एकदा. दोन दिवस. मेव्हण्याला.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “त्यांच्या वकिलाला हे माहीत असेल, तर तो हेच धरून बसेल. नोकराला बदली माणूस पाठवता येत नाही, ठेकेदाराला येतो. का पाठवलं होतं?”

मालकांनी दाराकडे पाहिलं. मुलगी बाहेर गेली होती. तरी ते हळू आवाजात बोलले. शाळेचं सांगितलं, सहा आठवड्यांचं सांगितलं, सुपरवायझर जिन्याने उतरला तेही सांगितलं. बाई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, “हे कोर्टात सांगावं लागेल.”

“पोरीला हे ठाऊक नाही. तिच्यासमोर नको.”

“का बरं?”

“तिच्या आईने तेव्हा तिला खुणेनं सांगितलं होतं, बाबांना काम आहे. बाप मोठा कामाचा माणूस आहे, असंच तिला वाटू दे. मला कोणी जाऊ दिलं नाही, हे लहान पोराला काय सांगायचं? पुढे राहूनच गेलं.”

खटला दीड वर्ष चालला. मालक काठी टेकत एकटेच जायचे. कंपनीचा वकील तरुण, हसतमुख. त्याने विचारलं, “हत्यारं कोणाची होती?”

“माझी.”

“कंपनी हत्यारं देत नव्हती?”

“द्यायची. पण ते पाने कच्च्या लोखंडाचे. मी असले पाने हातात धरत नाही.”

वकीलबाईंनी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. आपल्या हत्यारांचा अभिमान सत्तावीस वर्षं त्यांनी मिरवला होता. तोच आता समोरच्या वकिलाच्या टिपणात उतरत होता.

“लोक तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?”

“मालक.”

कोर्टात हशा पिकला. यावेळी मालक हसले नाहीत.

मग बदली माणसाचं निघालं, बाई म्हणाल्या होत्या तसंच. आपल्या मर्जीने मेव्हण्याला कामावर पाठवून हे गावाला निघून गेले, असं वकिलाने मांडलं. त्यावर वकीलबाईंनी सुपरवायझरला साक्षीला बोलावलं. त्याच्या निवृत्तीला सात महिने उरले होते आणि त्याचा पगार कंपनीच देत होती. मालकांनी आदल्या दिवशीच बाईंना बजावलं होतं, “त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. घर फिरलं की वासेही फिरतात.”

सुपरवायझर पिंजऱ्यात उभा राहिला. बाईंनी विचारलं, “त्यांनी तुमच्याकडे रजा मागितली होती का?”

त्याने कंपनीच्या वकिलाकडे पाहिलं आणि पिंजऱ्याचा कठडा धरला. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं.

“मागितली होती,” सुपरवायझर म्हणाला. “सहा आठवड्यांची. मुलीच्या शाळेसाठी.”

“मग?”

“वर विचारलं. वरून सांगितलं, जायचं तर जा, परत जागा मिळणार नाही. मग मीच दोन दिवस दिले. मेव्हण्याची परीक्षा मी घेतली, मी पसंत केला तेव्हा तो उभा राहिला. यांच्या मर्जीने काही नव्हतं.” त्याने मालकांकडे पाहिलं. “यांच्या मर्जीने कधीच काही नव्हतं. शर्ट खोचायचा का नाही, तेसुद्धा आम्ही सांगायचो.”

कंपनीच्या वकिलाने पुढे काही विचारलं नाही.

निकाल मालकांच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी इतर गोष्टी धरल्याच, पण भर दिला तो या एका साक्षीवर. जो माणूस खरोखर स्वतंत्र आहे त्याला रजा मागावी लागत नाही, आणि त्याने मागितली तरी ती नाकारायचा अधिकार कोणाकडे नसतो. इथे रजा मागितली गेली आणि नाकारली गेली. तेव्हा कागदावर शब्द कोणताही असो, हा माणूस पहिल्या दिवसापासून कंपनीचा नोकर होता. पायाचा सगळा खर्च कंपनीने द्यावा आणि निवृत्तीपर्यंत त्याला बसून करण्याजोगं काम द्यावं.

बाहेर व्हरांड्यात आणखी आठ लिफ्टवाले उभे होते. त्यांच्या कागदांवरही तोच शब्द होता. त्यांनी मालकांना गराडा घातला, कोणी पाया पडायला वाकला. मालक म्हणाले, “थांबा जरा,” आणि वकीलबाईंना बाजूला घेतलं.

“बाई, पहिल्या दिवसापासून म्हणजे तेव्हासुद्धा मी नोकरच होतो?”

“हो काका. सगळी सत्तावीस वर्षं.”

“म्हणजे ती रजा...”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांना आता कळलं की ते काय विचारतायत. “तेवढी सगळी एकदम मिळाली असती की नाही, सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण रजा तुमच्या हक्काची होती. आणि गेला असतात तरी त्यांना तुम्हाला काढता आलं नसतं.”

मालक भिंतीलगतच्या बाकावर बसले. आजवर त्यांनी मनाची समजूत घातली होती की नाइलाज होता. गरिबाचा नाइलाज असतो, त्यात कोणाचा दोष नसतो, आणि ज्यात दोष नाही ते माणूस गिळून टाकतो. आता कोर्टाने शिक्का मारून सांगितलं होतं की नाइलाज नव्हता. जाता आलं असतं. लिफ्टवाल्यांपैकी एकाने पाणी आणून दिलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

पुढच्या महिन्यात ते कामावर रुजू झाले. कचेरीत टेबल मिळालं, तक्रारींचे फोन घ्यायचे. पंचावन्न ओलांडलेल्या माणसाला नेमणुकीचं पत्र मिळालं. कारकुनाने रजेचा छापील फॉर्म समोर ठेवला आणि समजावलं की वर्षाची रजा वर्षात घेतलेली बरी. “आता कुठे जायचंय मला,” मालक म्हणाले, पण फॉर्म घडी करून खिशात ठेवला. सुपरवायझर त्याच सुमारास निवृत्त झाला. जाताना टेबलापाशी आला. दोघं थोडा वेळ लिफ्टच्या दोरांविषयी बोलले.

निकालाची पूर्ण प्रत टपालाने शनिवारी आली, पण मुलीने ती उघडली रविवारी सकाळी. चौतीस पानं. मालक खिडकीशी बसून दाढी करत होते. ती टेबलाशी बसून एकेक पान वाचत होती, नकाशा तपासतात तसं बोट फिरवत. साबण वाळेपर्यंत मालक तिच्याकडे बघत राहिले. त्यांना ठाऊक होतं की साक्ष तिथे छापलेली असणार. कागद लपवावा असं दोनदा मनात आलं होतं आणि दोनदा त्यांनी तो होता तिथेच राहू दिला होता.

एका पानावर तिचं बोट थांबलं. तिने ते पान पुन्हा वाचलं. मग उठून वही आणली आणि लिहिलं, “तुम्ही रजा मागितली होती?”

मालकांनी चेहरा पुसला आणि खाली लिहिलं, “हो.”

“सहा आठवड्यांची?”

“हो.”

“मला वाटायचं, तुम्हाला यायचंच नव्हतं.”

मालकांनी पेन घेतलं. “यायचं होतं,” एवढं लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

मुलीने ते वाचलं. वही बाजूला सारली आणि ती हातांनी बोलू लागली. आधी सावकाश, मग भराभर, मग इतक्या वेगाने की तिचे हात एकमेकांवर आपटत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती हात मोकळा करत नव्हती. बरंच लांब होतं ते. रागाचं होतं का मायेचं, हेही मालकांना ओळखता येईना. मधे एकदा ‘आई’ आलं, एकदा ‘शाळा’, आणि छातीवर मूठ ठेवून, ती हलवून केलेली एक खूण तीन-चार वेळा आली. ती त्यांनी मायलेकींच्या बोलण्यात पूर्वी पुष्कळदा पाहिली होती, पण अर्थ कधी विचारला नव्हता.

ती थांबली. मालकांनी वही तिच्यापुढे सरकवली आणि पेन तिच्या हातात दिलं.

तिने मान हलवली. पेन टेबलावर ठेवलं आणि तोंड धुवायला आत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. मालक तिथेच बसून होते. उजवी मूठ वळून त्यांनी छातीवर ठेवली, ती कशी हलवायची ते त्यांना आठवत नव्हतं.